दार कोणी उघडलं

२० मे, सोमवार. दोन टोपल्या भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची होती. पिकलेलं भिरंड थांबत नाही. एक दिवस टाळला की तळची फळं मऊ पडतात आणि टोपलीला आंबूस वास सुटतो. उजाडताच मी अंगणात विळी मांडली. फळ अर्धं करायचं, गर आणि बी एका टोपात, साल परातीत, वर मूठभर मीठ. साली उन्हात वाळल्या की वर्षभराची सोलं होतात. या कामाने हात कोपरापर्यंत लाल होतात आणि तो रंग लवकर जात नाही. मला ते उरकून पणजीची बस धरायची होती. कशाला जाते, ते नवऱ्याला सांगायचं नव्हतं.

तो सोप्यावर बसून माझ्याकडे बघत होता. डायलिसिससाठी शीर जोडलेला डावा हात त्याने मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

"पणजीला कशाला?"

"शिक्षण खात्यात. सर्व्हिस बुकात एक नोंद राहिलीय."

"सोमवारी तिथे कोण भेटत नाही."

"न भेटणाऱ्यांकडेही जावंच लागतं."

"येताना पोस्टात बघशील?"

"तुझं टपाल पणजीत कशाला थांबेल? आलं तर इथे येईल."

त्याने नजर फाटकाकडे वळवली. दसऱ्यापासून तो टपालाची वाट बघत होता.

तो आता नाही. त्या वर्षीची गणपतीची चवथ त्याने पाहिली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने पुढे कसल्या आशेवर राहू नये.

वीसेक वर्षं तो डिचोलीकडच्या एका खाणीत वजनकाट्यावर होता. ट्रक काट्यावर चढला, वजन बघितलं, पावती फाडली, पुढचा. खाणी बंद पडल्यावर आमच्या गावातल्या पुरुषांनी काय काय केलं. कोणी ट्रक विकले, कोणी देवळाच्या कट्ट्यावर बसून खाणी परत कधी सुरू होणार याच्या पैजा लावल्या. माझ्या नवऱ्याने कादंबरी लिहायला घेतली. मी मराठी शाळेत शिकवते. घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि लिहायचं झालं की मराठी, आमच्या भागातल्या पुष्कळ घरांसारखं. त्याने गावच्या वाचनालयातली सगळी कपाटं लहानपणीच वाचून संपवली होती. मला वाटलं, दोन महिने लिहील आणि सोडील. तो काही वर्षं लिहीत राहिला. मधे मूत्रपिंडांनी काम सोडलं, त्याने लिहिणं सोडलं नाही.

गोष्ट खाणीखाली गेलेल्या एका गावाची. डोंगराच्या पायथ्याशी झर, झरीवर जगणारं सुपारी-नारळाचं कुळागर, आणि कुळागराची मालकीण एक विधवा म्हातारी. खाणकंपनीचा माणूस येतो, गोड बोलून तिची सही घेतो. वरच्या जागेत खाणीची टाकाऊ माती पडू लागते, एका पावसाळ्यात ती खाली येते आणि झर बुजते. म्हातारी अन्न सोडते. ती म्हातारी म्हणजे माझी सासू, हे गावात कोणाला सांगावं लागलं नसतं.

त्याला छापायची घाई नव्हती. त्याला लिहिणाऱ्या माणसाचा एक शब्द हवा होता. "जमलंय, की मी नुसते कागद काळे केले, एवढं कोणीतरी सांगावं," म्हणायचा. माझं मत त्याला चालत नव्हतं. मला गोष्ट सांगितली, पण कागद हाताला लागू दिले नाहीत.

"तू बायको."

"बायकोला वाचता येत नाही?"

"वाचता येतं. खरं सांगता येत नाही."

"तुला खरं सांगायला मी कधी मागे राहिले?"

यावर तो हसला. कागद मात्र कपाटातच राहिले.

माझं माहेर मोरजीचं. तिकडच्या ओळखीने आधी आम्ही पेडण्यातल्या एका लेखकाकडे गेलो. कादंबऱ्या नावावर, भाषणांना मागणी. चार दिवसांत निरोप आला, या. त्याने चहा दिला, बाड परत दिलं आणि म्हणाला, "उत्तम. काळजाला हात घालता तुम्ही. असंच लिहीत राहा." मग विचारलं, खाणीवर अजून ओळख आहे काय, घराच्या भरावाला दोन ट्रक माती हवी होती. परत येताना बसमध्ये नवरा म्हणाला, "त्याने वाचली नाही गो."

"कशावरून?"

"काळीज कुठे आहे तिच्यात? वजनकाटा आहे."

म्हणून दुसऱ्या लेखकाच्या वेळी त्याने देवाला विचारलं. आमच्याकडे लग्न, घर, शेत, दुखणं, कशाचाही कौल लावतात. पुजारी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून उभे राहतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. दसरा झाल्यावर नवऱ्याने नारळ ठेवून विचारलं, पणजीच्या अमक्या लेखकाकडे हे बाड द्यावं काय. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पडली. ती पाकळी त्याने पहिल्या आणि दुसऱ्या पानाच्या मधे ठेवली, बाड लाल फडक्यात बांधलं आणि भाऊजींच्या गाडीतून पणजीला पोचतं केलं.

भाऊजी म्हणजे त्याचा थोरला भाऊ. एकाच घराचे दोन भाग, मधे एक भिंत. तिकडे कुठला मासा शिजतोय ते इकडे वासावरून कळतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला त्याला भाऊजीच न्यायचे आणि आणायचे. एकदाही उशीर केला नाही, एकदाही बोलून दाखवलं नाही.

पणजीच्या घरी बाड घेतलं ते लेखकाच्या सुनेने. "बाबांना देते," म्हणाली. त्यानंतर काही नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. फोन लावला तर कधी उचलायचे नाहीत, कधी "बाबा झोपलेत". मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला देऊ. म्हापशाला लेखक आहेत, मडगावला आहेत.

"कौल ह्यांच्या नावाचा आहे."

"कौल देवाने दिला. वाचायचं त्या म्हाताऱ्याला आहे."

"दुसऱ्याकडे गेलो तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल."

त्याच्यापुढे मी हात टेकले. वाईट हे, की तोवर तो लिहायलाही तयार नव्हता. सहीचं प्रकरण आणि त्याच्या पुढचं त्याला परत लिहायचं होतं. त्यात काहीतरी बसत नाही, हे त्याला कळत होतं. पण आधी शब्द येऊ दे, मग. शाळेतून आले की तो सोप्यावर, नजर फाटकाकडे. पोस्टमन पुढे निघून गेला की आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. एप्रिलात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयही दमलंय, लांबचे बेत करू नका. मी घरी आले आणि मुलांचे राहिलेले पेपर तपासून पुरे केले. मग हिशेब सरळ होता. जे दिवस उरले होते ते तो एका न उघडलेल्या गाठोड्याची वाट बघत घालवणार होता.

आदल्या दिवशी, रविवारी, मी एकटीच देवळात गेले होते.

"काय विचारायचं?" पुजारी म्हणाला.

"पणजीच्या त्या लेखकाकडून मी स्वतः जाऊन उत्तर आणावं काय."

"एका कामाला दोनदा कौल? तुझ्या घोवाला दिलाय ना?"

"त्याला दिलाय. मी माझं विचारते."

"असं कोण विचारत नाही गो बाय."

"लाव पाकळ्या. घरी भिरंडं पडलीत माझी."

त्याने लावल्या. डावी पडली. तो माझ्याकडे बघत राहिला. "नको म्हणतो देव."

"बघितलं," म्हटलं, नमस्कार केला, माझ्या वाट्याचं अर्धं खोबरं घेतलं आणि घरी आले. देवाने आपलं मत दिलं होतं. जायचं की नाही ते मला ठरवायचं होतं.

तर सोमवारी भिरंडं फोडून, साली मिठात घालून, नवऱ्याच्या हाताशी पेज आणि गोळ्या ठेवून मी निघाले. कारापूरला रस्त्यावर पणजीची बस मिळाली.

चढणीवरचं जुनं घर. सुनेने दार अर्धंच उघडलं. "बाबा कोणाला भेटत नाहीत."

"लाल फडक्यातलं बाड दिलं होतं. ते न्यायला आलेय."

तिची नजर माझ्या हातांवर गेली. "हे काय लागलंय?"

"भिरंडं."

"घरची? मग आगळही करत असाल. द्याल मला दोन बाटल्या?"

"देईन. आधी बाड."

आतल्या खोलीत एका कपाटावर अशी पुष्कळ बाडं होती, धाग्यांनी बांधलेली, पिशव्यांतली, एक तर चकचकीत बायंडिंगचं. आमचं खालून तिसरं. फडक्याची गाठ नवऱ्याची. तो ट्रकवरच्या ताडपत्रीला मारतात तशी गाठ मारायचा. मी ती तिथेच सोडवली. पाकळी पहिल्या आणि दुसऱ्या पानाच्या मधे होती, तपकिरी होऊन कागदाला चिकटलेली.

"कोण आलंय?" आतून आवाज आला आणि लेखक भिंतीला हात लावत लावत बाहेर आला. खुर्चीची पाठ त्याने आधी चाचपली, मग बसला. तेव्हा मला कळलं.

"डोळे कधी गेले?" मी विचारलं.

सून गडबडली. तो म्हणाला, "असू दे गो. ह्या बाईंनी बघितलं ना." मग मला म्हणाला, "झाले दिवस. बाहेर सांगितलेलं नाही. अजून कार्यक्रमांना बोलावतात."

"मग बाडं घेता कशाला?"

"नको म्हटलं तर विचारतात, का नको."

"माझा नवरा दसऱ्यापासून तुमच्या पत्रासाठी फाटकाकडे डोळे लावून बसलाय. त्याच्याकडे घालवायला तेवढे दिवस नव्हते."

सुनेने पाणी आणलं. मी एक खुर्ची त्याच्यासमोर ओढली, पहिलं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. वाचून दाखवणं माझं रोजचं काम आहे. पुस्तक नवऱ्याचं, आणि मीही ते पहिल्यांदाच वाचत होते.

तो डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणायचा, "पुढे." कधी म्हणायचा, "हे सोडा, दोन पानं पलटा." मी पलटत होते. मला राग येत नव्हता, कारण तो जिथे सोडा म्हणायचा तिथे मलाही जांभई येत होती. गावातले सगळे भले होते. सरपंच भला, भटजी भला, ट्रकवाले भले, शेजारी एकमेकांच्या दुःखात रडणारे. वाईट फक्त कंपनी, आणि तिलाही चेहरा नव्हता.

"लग्नपत्रिका आहे ही," तो म्हणाला. "विनीत मंडळीत कोणाचं नाव राहता नये, कोणाला राग येता नये."

मी पान उलटलं. सहीचं प्रकरण आलं. दुपारची वेळ, म्हातारी चुलीपाशी पाटावर, पेज निवतेय. कंपनीचा माणूस समोर बसून कागद पुढे करतो. म्हातारी विचारते, हे कसलं? तो म्हणतो, विजेच्या खांबाचं, आई.

"थांबा," लेखक म्हणाला. डोळे उघडले, ज्यांना काही दिसत नव्हतं. "हा कुठे बसलाय?"

"चुलीपाशी."

"म्हणजे रांधपाच्या खोलीत. परका माणूस आपल्याकडे सोप्याच्या आत येत नाही. फार तर पाणी सोप्यावर देतात. हा आत कसा? आणि दुपारची म्हातारी दाराला अडसर घालून असणार. दार कोणी उघडलं?"

मी पुढची ओळ वाचली नाही.

"पुढे आहे काय ते?"

"नाही."

"बाई, तुम्हाला माहीत आहे."

"आहे."

"आणि लिहिणाऱ्याला?"

"त्यालाही."

दार भाऊजींनी उघडलं होतं. नवरा काट्यावर होता, मी शाळेत. भाऊजींनी त्या माणसाला आत नेलं, आईसमोर बसवलं, आणि खांबाचा कागद म्हणून सांगितलं तेही त्यांनीच. आई म्हणण्याचा हक्क त्या माणसाला नव्हता, त्यांना होता. त्याच वर्षी त्यांचा पहिला ट्रक त्या खाणीवर लागला. माती खाली आली तेव्हा सासूबाईंना कळलं. त्या थोरल्या मुलाच्या हातचं पाणीही प्याल्या नाहीत, आणि मग कोणाच्याच हातचं. गावाला सगळं ठाऊक आहे. कोणी बोललं नाही, कारण बहुतेक घरांतून कोणी ना कोणी असंच एखादं दार उघडलेलं आहे.

"स्पष्ट सांगू?" लेखक म्हणाला.

"त्यासाठीच आलेय."

"ही कादंबरी नाही. हात चांगला आहे, पण सगळ्यांना सांभाळत चाललाय. हे एक पान आहे, आणि तेच नेमकं खोटं आहे. ते खरं लिहिलं तर बाकीचं परत लिहावं लागेल."

"परत लिहायला तो नाही राहणार."

त्याने मान हलवली. "मग पान लिहू दे." आणि मी फडकं बांधत असताना हळूच म्हणाला, "तुम्हाला वाटलं तर त्याला काहीतरी गोड सांगा. माझ्या नावावर सांगा. खाली सहीही करून देतो, सही अजून येते मला."

"सही नको," मी म्हटलं.

घरी पोचले तेव्हा पलीकडे दिवेलागणीची घंटा वाजत होती, जाऊबाईंची. नवरा सोप्यावरच होता.

"खात्यात झालं काम?"

"खात्यात गेले नव्हते." मी गाठोडं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

त्याने हात लावला नाही, आधी बघितलं. "ही गाठ तुझी आहे."

"हो. तुझी मी आज सोडली. त्याचे डोळे गेलेत. मी वाचून दाखवली."

"सगळी?"

"सहीपर्यंत."

"काय म्हणाला?"

मी सांगितलं, जसं बोलला तसं. कादंबरी नाही, हेही सांगितलं. लग्नपत्रिकेला तो एकदा हसला, नाकातून. मग मी विचारलं, "त्याचा एकच प्रश्न आहे. दार कोणी उघडलं?"

भिंतीपलीकडे भाऊजी खोकले. दोघेही आपोआप हळू बोलायला लागलो.

"मला काय ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, म्हणूनच तिथे बसत नव्हतं तुझं."

"तो मला उचलून गाडीत बसवतो. माझ्या पायांत चपला घालतो."

"मी बघते ना रोज."

"आणि मी गेल्यावर तू इथेच राहणार. ह्याच भिंतीला लागून."

"ते माझं मी बघेन."

"विहीर एक आहे."

"नळ आला आपल्याकडे. झाले दिवस."

तो बराच वेळ त्या गाठीशी चाळा करत राहिला. "लिहिलं तरी वाचणार कोण?"

"मी."

"तू बायको."

"असेन."

अंधार पडला तसे डास आले. मी त्याला आत नेला, पेज वाढली. दोन घास झाल्यावर तो म्हणाला, "उद्या त्याच्याच गाडीत बसायचं, आणि हॉस्पिटलात जाऊन त्याच्यावर लिहायचं. हे माझ्याच्याने होणार नाही गो." मी ताट उचललं.

मंगळवारी सकाळी मी मिठातल्या साली पिळून अंगणात उन्हाला पसरल्या. तोवर भाऊजींनी नेहमीच्या वेळी गाडी आणून लावली, मागचं दार उघडलं आणि नवऱ्याच्या पाठीची उशी आत ठेवली. मी तशाच लाल हातांनी पुढे गेले.

"भाऊजी, आजपासून गाडी नको. आम्ही बसने जाऊ."

"बसने? त्याला बसायला तरी मिळेल काय?"

"बघू."

"काय झालं? आमच्याकडून काय चुकलं?"

जाऊबाई त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सोप्यावर नवरा शर्ट घालून तयार होता, मांडीवर परीक्षेचं पॅड, त्याच्यावर कोरे कागद. त्याने मान वर केली नाही. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं, कागदांकडे बघितलं. गाडीच्या किल्ल्या नुसत्या या हातातून त्या हातात करत राहिले.

उशी आमची होती. ती मी गाडीतून काढून घेतली, काखोटीला मारली, दुसऱ्या हाताने नवऱ्याला धरलं आणि आम्ही बसच्या रस्त्याला लागलो.